खिशातला कॅमेरा आणि तिवईवरची परीक्षा

कॅमेऱ्यांची परीक्षणं लिहिणाऱ्या सर्वांना,



तुमच्यापैकी कुणालाही मी प्रत्यक्ष भेटलेले नाही. तरी गेली कित्येक वर्षं तुमचं लिखाण मी अधाशासारखं वाचत आले. अ‍ॅपर्चर म्हणजे काय, रॉ फाइल का जपायची, सेन्सर मोठा असला की अंधारात चित्र स्वच्छ का येतं, हे मला कुठल्या संस्थेत कुणी शिकवलं नाही. तुमच्या लेखांनी शिकवलं. ते ऋण मी विसरलेले नाही. म्हणूनच हे पत्र लिहिताना रागापेक्षा दुखावलेपण जास्त आहे. ज्या एका प्रकारच्या कॅमेऱ्यावर माझं सगळं काम उभं आहे, त्याच्यावर तुम्ही सातत्याने अन्याय केलात. खिशात मावणारा, लेन्स न बदलता येणारा, पण जाणत्या छायाचित्रकारासाठी मुद्दाम घडवलेला छोटा डिजिटल कॅमेरा. तुम्ही त्याला कायम मोठ्या कॅमेऱ्याच्या कसोट्या लावल्यात, आणि ज्या कामासाठी तो बनवला गेला त्या कामाला त्याला फार क्वचित नेलंत.

मी बायकांच्या कामाचे फोटो काढते. सोलापुरात विड्या वळणाऱ्या, ससून डॉकवर पहाटे कोळंबी सोलणाऱ्या, लासलगावच्या खळ्यांत कांदा निवडणाऱ्या बायका. या जागा अशा, की मोठा कॅमेरा पिशवीतून नुसता बाहेर काढला तरी हात थांबतात. पदर सारखा केला जातो, लेकरांना हाका मारून शेजारी बसवलं जातं, कुणीतरी ‘थांबा ताई, जरा केस विंचरून येते’ म्हणत आत जातं. त्यांचं काहीच चुकत नाही. एवढं मोठं यंत्र समोर रोखलं तर कुणीही सावरून बसेल. पण मला हवं असतं ते काम, आणि ते तेवढ्यात थांबलेलं असतं. छोटा कॅमेरा असला की सुरुवातीला थोडं कुतूहल होतं, मग बोटं पुन्हा सुपातल्या पानांकडे वळतात. दहा बाय दहाच्या खोलीत सहाजणी बसलेल्या असतात, मला मागे सरकायला भिंतीशिवाय काही नसतं. तिथे २८ मिलिमीटरच्या दृष्टीचा, मुठीत मावणारा कॅमेराच चालतो. मोठा परवडला नाही म्हणून मी छोटा घेतलेला नाही. तुमच्या परीक्षणात मात्र तो पहिल्या परिच्छेदापासून ‘दुसरा कॅमेरा’ असतो. मोठा घरी ठेवून सुट्टीवर जाताना खिशात टाकायचा. ते वाक्य इतक्या वेळा वाचलं, तरी दर वेळी लागतं.

त्याच्या आवाजाचंच घ्या. या वर्गातल्या बऱ्याच कॅमेऱ्यांचं शटर लेन्सच्या आत असतं, पातळ पाकळ्यांचं. मोठ्या कॅमेऱ्यात सेन्सरसमोरून पडदा धावतो, आरसा असेल तर तोही वर आपटतो. पाकळ्यांच्या शटरमध्ये हलणारं फारसं काही नसतंच, त्यामुळे शेजारी बसलेल्या बाईलाही फोटो निघाल्याचं कळत नाही. दुसरा फायदा फ्लॅशचा. मोठ्या कॅमेऱ्यात साध्या फ्लॅशसाठी सेकंदाच्या दोनशेव्या-अडीचशेव्या भागापाशी थांबावं लागतं. इथे त्याच्या बरंच पुढे जाता येतं आणि भर दुपारी डोक्यावरच्या पदराची चेहऱ्यावर पडलेली काळी सावली उजळता येते. मात्र अ‍ॅपर्चर पूर्ण उघडलं तर या पाकळ्यांना फार वेगाने मिटता येत नाही, म्हणून फुजीफिल्मच्या एक्स१०० मध्ये आणि रिकोच्या जीआरमध्ये उजेड कमी करणारा एनडी फिल्टर कॅमेऱ्याच्या पोटातच बसवला आहे. शटर, फ्लॅश आणि फिल्टर यांची ही गुंफण कुणा अभियंत्याने रस्त्यावर काम करणाऱ्या माणसाचा विचार करून बांधली आहे. तुमच्या तक्त्यात या तीन गोष्टी तीन वेगवेगळ्या ओळींत, ‘आहे’, ‘आहे’, ‘आहे’ अशा पडलेल्या असतात. त्या एकमेकींसाठी आहेत, हे तक्ता वाचणाऱ्याला कळायचा मार्ग नाही.

फोकसच्या बाबतीत तर तुम्ही आमची दिशाभूलच करता. ऑटोफोकस किती शतांश सेकंदात लागला याचा आकडा तुम्ही देता. तो काढताना समोर ठळक रेघांचा तक्ता असतो, उजेड भरपूर असतो, कॅमेरा तिवईवर घट्ट बसवलेला असतो. ससून डॉकवर पिवळ्या दिव्याखाली ओल्या फरशीवरून टोपली घेऊन झपाझपा येणारी बाई तुमच्या तक्त्यासारखी उभी राहत नाही. तिथे अनुभवी छायाचित्रकार ऑटोफोकसवर विसंबत नाही, अंतर आधीच बांधून ठेवतो. रिकोने २००५ च्या जीआर डिजिटलपासून ही सोय ‘स्नॅप’ या नावाने दिली, आणि पुढच्या मॉडेलांत बटण एका दमात पूर्ण दाबलं की कॅमेरा ठरवलेल्या अंतरावर जाऊन फोटो घेतो अशी जोडही दिली. २०१३ च्या जीआरची लेन्स १८.३ मिलिमीटरची आहे. एफ/८ ठेवून अंतर अडीच मीटरवर बांधलं की साधारण सव्वा मीटरपासून लांबवरचं सगळं पुरेसं स्पष्ट येतं. उजेड कमी म्हणून एफ/४ वर यावं लागलं आणि दोन मीटर बांधले, तरी दीड ते साडेतीन मीटरचा पट्टा हाताशी राहतो. मग फोकसला लागणारा वेळ उरतच नाही; उरतं ते माझ्या पावलांचं अंतर.

हे सगळं तुम्हांला माहीत आहे. मग तपासत का नाही? कॅमेरा बंद करून पुन्हा चालू केला तर बांधलेलं अंतर त्याच्या लक्षात राहतं का? खिशातून काढून चालू करून पहिला फोटो घेईपर्यंत किती वेळ जातो? एक्स्पोजर कमी-जास्त करायची चकती खिशाच्या कापडाला घासून आपोआप फिरते का? ती फिरली आणि लक्षात आलं नाही तर अख्ख्या सकाळचे फोटो काळे येतात. माशांच्या पाण्याने ओल्या झालेल्या बोटांनी बटणं चाचपता येतात का? एका हातात कॅमेरा आणि दुसऱ्या हाताने शिडी धरली असताना अंगठ्याच्या पोहोचीत काय काय येतं? या प्रश्नांची उत्तरं तुमच्या लेखांत शोधून शोधून मी थकले.

तुमच्या लेखांत सगळ्यात आधी येतो आकडा, आणि या आकड्याच्या हव्यासाची किंमत आम्ही मोजली आहे. कॅननची जी मालिका २००० साली सुरू झाली. २००४ च्या जी६ ची लेन्स एफ/२ पर्यंत उघडत असे आणि पडदा हवा तसा वळत असे. २००६ ला जी७ आला तेव्हा झूम वाढला, पण लेन्स एफ/२.८ पासून सुरू होऊ लागली, वळणारा पडदा गेला आणि रॉ फाइलच गेली. जाणत्यांचा म्हणून विकला जाणारा कॅमेरा आणि त्यात रॉ नाही! पुढच्या वर्षी जी९ मध्ये रॉ परत आलं. मग २००८ च्या जी१० मध्ये साडेसात बाय साडेपाच मिलिमीटरच्या सेन्सरवर १.४७ कोटी पिक्सेल कोंबले गेले. २००९ च्या जी११ मध्ये तेच १ कोटीवर आणले गेले आणि वळणारा पडदाही परत आला. पिक्सेल कमी करून कॅमेरा सुधारला, हे कंपनीने उघडपणे कबूल करायला इतकी वर्षं लागली. त्या सगळ्या वर्षांत तुमच्या तक्त्याच्या पहिल्या रकान्यात मेगापिक्सेलच होते, आणि दुकानदार गिऱ्हाइकाला तोच रकाना बोट ठेवून दाखवत होता. एवढ्याशा सेन्सरवर अ‍ॅपर्चर थोडं लहान केलं तरी विवर्तनामुळे चित्र मऊ पडतं, म्हणून त्या कॅमेऱ्यांचं अ‍ॅपर्चर एफ/८ च्या पुढे जातच नसे. ज्यादा पिक्सेल तिथे टिपणार काय होते?

मेगापिक्सेलची हौस फिटली तेव्हा सेन्सरच्या आकाराची सुरू झाली. इथे मला अन्याय करायचा नाही. सेन्सरचा आकार खरोखर महत्त्वाचा आहे. २०१२ मध्ये सोनीने आरएक्स१०० मध्ये १३.२ बाय ८.८ मिलिमीटरचा सेन्सर घातला आणि शर्टाच्या खिशातल्या कॅमेऱ्याचा दर्जा एका उडीत वर गेला. त्याच वर्षी आरएक्स१ मध्ये ३६ बाय २४ मिलिमीटरचा, म्हणजे जुन्या फिल्मच्या चौकटीएवढा सेन्सर आला. फुजीफिल्मचा एक्स१०० त्याआधीच, २०११ मध्ये, एपीएस-सी आकाराचा सेन्सर आणि डोळा लावून बघायचा दुहेरी व्ह्यूफाइंडर घेऊन आला होता. चाळीस वॅटच्या बल्बखाली काम करणाऱ्या मला या मोठ्या सेन्सरचं मोल कुणी सांगायला नको. पण तुम्ही सेन्सर मोजलात, त्याला गुण दिलेत आणि लेख तिथेच संपवलात. सेन्सर हा कॅमेऱ्याचा एक भाग आहे. उरलेला कॅमेरा कुणी तपासायचा?

तुमच्याच परंपरेतल्या एका माणसाचं काम मला इथे आठवतं. कॅनडाचे मायकल राइकमन. त्यांनी २००८ मध्ये जी१० आणि हॅसलब्लाडवर चढवलेला ३.९ कोटी पिक्सेलचा फेझ वन बॅक, असे दोन्ही रानात नेले, एकाच दृश्याचे फोटो घेतले, १३ बाय १९ इंचांचे प्रिंट काढले आणि छायाचित्रणात मुरलेल्या मित्रांपुढे ठेवले. कुठला प्रिंट कुठल्या कॅमेऱ्याचा हे त्या तयारीच्या डोळ्यांना खात्रीने सांगता आलं नाही. अनेकांना तो लेख वेडेपणाचा वाटला. पण त्यांनी कॅमेरा बाहेर नेला, कागदावर चित्र उतरवलं, माणसांना दाखवलं, आणि कुठल्या आकाराच्या प्रिंटपर्यंत हे खरं आहे तेही सांगितलं. जी१० च्या पिक्सेलबद्दल मी वर जे लिहिलं त्याला हा प्रयोग उलटा जातो असं कुणाला वाटेल. मला तसं वाटत नाही. चांगल्या उजेडात, सर्वांत कमी आयएसओवर छोटा सेन्सर थक्क करतो. अंधारात तोच गळून पडतो. हा फरक गुणांच्या एका आकड्यात मावत नाही, प्रिंट हातात घेतल्यावर कळतो. २०१६ साली राइकमन गेले. त्यांच्यासारखं परीक्षण पुन्हा फार थोड्यांनी केलं.

लेन्सबद्दल तुम्ही लिहिता तेव्हा आणखी एक गोष्ट सोडून देता. २००८ च्या पॅनासॉनिक एलएक्स३ ची लेन्स २४ मिलिमीटरपासून सुरू होई आणि एफ/२ पर्यंत उघडे. एवढ्याशा डबीत हे बसवताना असं ठरवलं गेलं, की लेन्समधला वाकडेपणा सगळा काचेनेच सुधारायचा नाही. फाइलमध्येच दुरुस्तीच्या सूचना लिहायच्या आणि चित्र नंतर सरळ करायचं. पुढे बहुतेकांनी हीच वाट धरली. मला त्यात काही खोटं वाटत नाही, त्यामुळेच कॅमेरा खिशात राहिला. पण चित्र सरळ करताना कोपरे ताणले जातात, तिथला तपशील विरळ होतो. तुम्ही सरळ झालेल्या विटांच्या भिंतीचा फोटो छापून ‘वाकडेपणा जवळजवळ नाही’ असं लिहिता, तेव्हा वाचणारा ती काचेची स्तुती समजतो. माझ्या चौकटीच्या कोपऱ्यात भिंत नसते, तिथे कुणाचा तरी चेहरा असतो. त्या चेहऱ्याचं काय होतं ते मला वाचायचं आहे.

बॅटरीचा आकडाही तुम्ही कंपनीच्या पत्रकातून उचलून ठेवता. तो आकडा जपानच्या कॅमेरा कंपन्यांच्या संघटनेने, म्हणजे सिपाने, ठरवलेल्या पद्धतीने काढलेला असतो. खोलीचं तापमान सुमारे २३ अंश, दर ३० सेकंदांनी एक फोटो, फ्लॅश असेल तर एकाआड एक फोटोला फ्लॅश, दर १० फोटोंनंतर कॅमेरा बंद करून पुन्हा चालू. सगळ्या कंपन्यांना एकाच मापाने मोजायला ही पद्धत ठीक आहे. पण माझा कॅमेरा फोटो काढण्यापेक्षा वाट बघण्यात जास्त वेळ चालू असतो. विदर्भात मे महिन्यात २३ अंश कुणी पाहिले आहेत? २०१९ च्या रिको जीआर३ चा अधिकृत आकडा सुमारे २०० फोटोंचा आहे, त्याला व्ह्यूफाइंडर नाही, म्हणजे सगळं काम मागच्या पडद्यावर बघूनच करायचं. दुपारच्या उन्हात तो पडदा किती दिसतो, उजेड पुरेसा वाढवला तर बॅटरी कितीशी टिकते, उन्हात धरल्यावर अंग किती तापतं, हे एकमेकांशी बांधलेले प्रश्न आहेत. जीआरवर माझं प्रेम आहे; म्हणूनच त्याची ही बाजू कुणीतरी नीट मोजून सांगावी असं वाटतं.

आणि पाऊस. फुजीफिल्मच्या २०२० च्या एक्स१००व्ही पासून, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर झालेल्या एक्स१००सहा मध्येही, हवामानापासून संरक्षण आहे असं सांगितलं जातं. ते संरक्षण पुरं होतं ते लेन्सवर वेगळी अ‍ॅडॅप्टर रिंग आणि तिच्यावर संरक्षक फिल्टर चढवल्यावर. कंपनीने हे लपवलेलं नाही. पण तुमच्या तुलनेच्या तक्त्यात त्या रकान्यात नुसतं ‘होय’ लिहिलेलं असतं, आणि कोकणातला किंवा इगतपुरीचा वाचक तो ‘होय’ वाचून पैसे साठवायला लागतो. घाटात चार महिन्यांचा पाऊस अंगावर घेणाऱ्या माणसाला त्या एका शब्दाची केवढी किंमत मोजावी लागू शकते, याचा विचार तो शब्द छापताना व्हायला हवा होता.

आता मला सर्वांत जास्त लागलेली गोष्ट सांगते. तुमच्या एकमुखी कौतुकावर विसंबून मी असाच एक कॅमेरा घेतला. कुठल्या कंपनीचा ते इथे लिहीत नाही. चालू केला की त्याची लेन्स नळीसारखी बाहेर येते, बंद केला की आत जाते, आणि दर वेळी आत-बाहेर होताना ती हवा ओढते. हवेबरोबर जे असेल तेही. खळ्यात कांद्याच्या पातींची भुकटी, विडीच्या खोलीत तंबाखूची धूळ, खिशातल्या कापडाचे धागे. वर्षभरातच आभाळाच्या फोटोंत एक करडा डाग दिसू लागला, मग त्याच्या शेजारी दुसरा. लेन्स बदलता येणाऱ्या कॅमेऱ्यात लेन्स काढून सेन्सर फुंकणीने झटकता येतो. इथे लेन्स निघतच नाही. दुरुस्तीच्या ठिकाणी सांगितलं, लेन्स आणि सेन्सरचा जोड पुरा बदलावा लागेल. खर्च ऐकून मी कॅमेरा तसाच परत घेऊन आले. सोलापूरच्या एका आजींच्या कपाळावर, कुंकवाच्या थोडं वर, तो डाग आला. त्यांच्या घरी द्यायचा प्रिंट होता. तो डाग संगणकावर पुसताना मला त्यांच्या कपाळाची एक सुरकुतीही पुसावी लागली, आणि तेव्हा मला तुमचा फार राग आला.

घरी येऊन मी त्या कॅमेऱ्याची जपून ठेवलेली सगळी परीक्षणं पुन्हा वाचली. धूळ हा शब्द कुठेच नव्हता. कारण उघड आहे. कॅमेरा तुमच्याकडे उसना येतो, बहुतेकदा बाजारात यायच्या आधीच, आणि काही आठवड्यांत कंपनीला परत जातो. धूळ शिरायला, चकती सैल व्हायला, रबर सुटायला, नळी खरखरायला लागतो तो काळ तुमच्याकडे कॅमेरा राहतच नाही. तुम्ही जे लिहिता ते त्या कॅमेऱ्याच्या पहिल्या पंधरवड्याचं वर्णन असतं. ते तसं आहे हे मात्र तुम्ही लिहीत नाही. ‘आमचा निकाल’ म्हणून लिहिता.

कुणी म्हणेल, दुकानात जाऊन स्वतः हाताळून बघावं. मुंबईत फोर्टच्या बोरा बाजारात कदाचित जमेल. लातूर, चंद्रपूर, सावंतवाडीच्या दुकानात असला कॅमेरा काचेमागे येतच नाही, आणि मागवायचा तर पैसे आधी मोजावे लागतात. लाखाच्या घरातली वस्तू न बघता, न धरता, फक्त तुमच्या शब्दावर घेतली जाते. वर्षभर लग्नांचे फोटो काढून पैसे साठवणारी मुलं-मुली मला ठाऊक आहेत, ज्यांना आपला स्वतःचा, मनासारख्या कामाचा कॅमेरा हवा असतो. त्यांच्या आणि त्या काचेच्या मधोमध तुम्हीच उभे असता. तुमची जबाबदारी मोठ्या शहरातल्या वाचकापेक्षा या वाचकापाशी जास्त आहे, आणि नेमका तोच तुमच्या डोळ्यांसमोर नसतो.

त्यात हा वर्गच केवढा आकसला आहे. सिपाच्या आकड्यांनुसार २०१० मध्ये जगभर पाठवलेल्या, लेन्स न बदलता येणाऱ्या डिजिटल कॅमेऱ्यांची संख्या १० कोटींहून जास्त होती. २०२३ मध्ये ती २० लाखांच्याही खाली आली. साधे कॅमेरे फोनने गिळले, त्याबद्दल तक्रार नाही. पण जाणत्यांसाठीचे कॅमेरेही त्या लाटेत गेले. निकॉनने फेब्रुवारी २०१६ मध्ये डीएल नावाचे तीन कॅमेरे जाहीर केले आणि वर्षभराने ते विक्रीला यायच्या आधीच रद्द केले. जे थोडे उरले आहेत, त्यांच्यातला कुठला चांगला आणि कुठल्या कामाला चांगला, हे बारकाईने सांगायची गरज आजइतकी कधीच नव्हती.

आणि नेमक्या याच काळात तुमच्यातल्या पुष्कळांनी मोजणंही सोडून दिलं. आता परीक्षण म्हणजे चामड्याच्या पट्ट्यासकट, कॉफीच्या कपाशेजारी ठेवलेल्या कॅमेऱ्याचं छायाचित्र. जुन्या फिल्मसारखे रंग, चकत्यांचा खट् असा आवाज, हातात धरल्यावर येणारी हुरहूर. एक्स१०० मालिकेसाठी लोक महिनोन्‌महिने ताटकळले, जुने नग नव्याच्या किमतीच्या वर विकले गेले, आणि त्यातल्या कितीजणांना चौकटीबाहेरचंही दिसू देणारा तो काचेचा व्ह्यूफाइंडर कशासाठी आहे हे कुणी सांगितलं? त्या कॅमेऱ्याची खरी थोरवी तिथे आहे. चौकटीत शिरण्याआधीच माणूस त्यात येताना दिसतो. फार जवळून फोटो घेताना त्यात दिसणारी आणि प्रत्यक्ष येणारी चौकट थोडी वेगळी पडते, ही मर्यादाही तिथेच आहे. दोन्ही शिकवायला हवं होतं. देखणेपणावर लिहून तुम्ही एका कामाच्या हत्याराचा दागिना केलात.

मला तुमच्याकडून कौतुक नको आहे. कठोर लिहा. छोट्या कॅमेऱ्यांत दोष पुष्कळ आहेत, आणि ते सहन करत मीच रोज काम करते. पण ते दोष कामात पडल्यावर जे दिसतात ते लिहा. एखादा पावसाळा आणि एखादा उन्हाळा कॅमेरा स्वतःजवळ ठेवा, शक्य असेल तर स्वतःच्या पैशाने घेतलेला. तो खिशात, पिशवीत, पदरात राहू द्या. तुम्हांला स्वतःला नसेल जमत तर ज्याने तो विकत घेऊन वर्षभर राबवला आहे अशा कुणाला शोधा, त्याला तुमच्या पानावर जागा द्या, आणि त्याच्या फोटोंचे प्रिंट काढून बघा. लग्नांचे फोटो काढणारे, बातमीसाठी गावोगाव फिरणारे, वारीबरोबर चालणारे कितीतरी लोक हे काम आनंदाने करतील. तुमच्या प्रयोगशाळेतला तक्ता खुशाल शेवटच्या पानावर छापा.

हे सगळं लगेच होणार नाही याची मला कल्पना आहे. तोवर एवढं तरी करा. प्रत्येक परीक्षणाखाली एक ओळ छापा: हा कॅमेरा आमच्याकडे किती दिवस होता, तो आम्हांला कुणी दिला, आणि त्यातले किती दिवस तो घराबाहेर होता. ती ओळ वाचली की वरच्या गुणांवर किती विसंबायचं ते माझं मी ठरवेन.

आपली,
एक जुनी वाचक